भागिले चोवीस

मुंबईची जुनी काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३४० मिलिमीटर. चोविसानं भागलं की ९७.५. रिम चौदा इंची. भागिले चोवीस, पंधरा मिलिमीटरला जरा कमी. गाड्यांची चोविसाव्या हिश्श्याची मॉडेलं करण्याच्या या छंदातलं गणित एवढंच, ते पाचवीतलं पोरही करेल. पण भागाकारानं आलेले सगळे आकडे जसेच्या तसे प्लास्टिकवर उतरवले, तर हातात येते ती पद्मिनी नसते. दारांच्या फटी रंगाखाली बुजून जातात. काळा रंग गाडीचा आकारच गिळून टाकतो. चाकांवरच्या कमानी बोजड दिसतात, आणि समोरून पाहिलं तर ओळखीचा चेहरा कुठं सापडत नाही. गाड्यांची लहान मॉडेलं करण्यातली खरी मेहनत आणि खरा आनंद मला तिथून पुढं मिळत आला आहे, भागाकार संपल्यावर.

चोवीसच का, असं नवखी माणसं हमखास विचारतात. अर्ध्या इंचाला एक फूट धरला की १:२४ होतं. इंच-फुटांच्या पट्ट्या वापरणाऱ्यांची ती सोय. १:४३ हे त्याहून चमत्कारिक वाटणारं माप आगगाड्यांच्या छंदातून आलं. इंग्लंडात ओ गेजची, म्हणजे आगगाड्यांच्या एका ठरावीक मापाची, मॉडेलं सात मिलिमीटरला एक फूट या हिशेबानं होत. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनं १९३० च्या दशकात आपल्या खेळण्यातल्या रेल्वेच्या आसपास उभ्या करायला ज्या छोट्या मोटारी काढल्या, त्यांच्याच पुढं डिंकी टॉइज झाल्या. हॉट व्हील्स आणि मॅचबॉक्सला सरसकट १:६४ म्हणतात, पण तिथं गाडी खोक्यात मावेल एवढी केलेली असते. म्हणून ट्रक आणि चिमुकली मोटार जवळपास एकाच लांबीच्या निघतात. मला ते खुपतं. तरी त्या गाड्यांवर माझं प्रेम आहे, आणि त्यांच्याकडे पुढं येणारच आहे.

नुसत्या मापावर विसंबून चालत नाही हे मला पटवलं ते तामियाच्या पोर्शेच्या गोष्टीनं. जपानमधल्या शिझुओका शहरात १९४६ साली ही कंपनी लाकूड कापण्याची गिरणी म्हणून सुरू झाली. आधी लाकडाची मॉडेलं, मग प्लास्टिकची. सत्तरच्या दशकात शुनसाकू तामिया यांनी पोर्शे ९३४ चं, म्हणजे शर्यतीच्या ९११ चं, १:१२ मापाचं किट (जोडायच्या सुट्या भागांची पेटी) करायचं मनावर घेतलं. जर्मनीच्या फेऱ्या झाल्या, फोटो काढले, मापं घेतली, तरी काही ना काही उरतच होतं. शेवटी त्यांनी एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि सुटी करून टाकली. १९७६ साली ते किट बाजारात आलं. मॉडेल बनवणाऱ्यानं त्यासाठी अख्खी मोटार घेऊन उघडावी, यात मला जराही वेडेपणा दिसत नाही. दाराचा पत्रा आत कुठं वळतो, सीटची शिवण कुठून निघते, डॅशबोर्ड खांबाला कसा भिडतो, हे कंपनीच्या माहितीपत्रकात नसतं. आणि सगळं माहीत असल्याशिवाय त्यातलं काय गाळायचं ते ठरवता येत नाही. शुनसाकू तामिया २०२५ मध्ये गेले. दोन ताऱ्यांची खूण असलेल्या त्यांच्या पेट्या जगभर ज्या टेबलांवर उघडल्या गेल्या, त्यातलं एक माझं आहे.

गाळायचं काय आणि वाढवायचं काय, यासाठी पत्र्याचंच उदाहरण घ्या. मोटारीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. भागिले चोवीस केलं तर ०.०४ मिलिमीटर. एवढ्या पातळ प्लास्टिकची बॉडी उभीच राहणार नाही. मॉडेलची बॉडी मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरची असते, म्हणजे खऱ्या मापात इंचभर जाडीचा पत्रा. मग करायचं काय, तर जिथं डोळ्याला कड दिसते तेवढीच कड पातळ करायची: चाकांच्या कमानी, बंपरखालची किनार, डिकीच्या खालचा काठ. आतल्या बाजूनं पॉलिश पेपरनं घासत राहायचं, धार येईपर्यंत. बाकी बॉडी जाडच राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. दारांच्या फटींचं याच्या उलट. खरी फट पाच मिलिमीटरची धरली तर मॉडेलवर ०.२ येते, आणि प्रायमर, रंग, लॅकर असे थर चढले की भरून जाते. म्हणून ती मुद्दाम रुंद आणि खोल कोरावी लागते, आणि रंग वाळल्यावर तिच्यात थिनरनं पातळ केलेला काळपट तपकिरी रंग ब्रशच्या टोकानं सोडावा लागतो. पट्टीला हे मंजूर नाही, डोळ्याला आहे.

काच तेवढी गुणी. चार-पाच मिलिमीटरची खरी काच भागाकारानं ०.२ च्या आसपास येते, आणि मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण साधारण त्याच जाडीचं असतं. पुढच्या काचेच्या बाकाचा लाकडी ठोकळा घडवायचा, झाकणाचा तुकडा धग लागेल इतकाच तापवायचा आणि ठोकळ्यावर दाबून धरायचा. पद्मिनीच्या पुढच्या दाराला जी तिकोनी काच होती, जी बाहेर ढकलून माणसं मे महिन्यात तोंडावर वारा घेत, ती त्याच झाकणातून सपाट कापता येते.

आणि कापड मुळीच चालत नाही. सीटसाठी खरं कापड वापरावं असं प्रत्येकाला वाटतं. साध्या सुती धाग्याची जाडी पाव मिलिमीटर धरा, गुणिले चोवीस करा: सहा मिलिमीटर. टॅक्सीच्या सीटवर काथ्याचा दोर विणून घातल्यासारखं दिसेल. कागदावर बारीक फुलं छापायची, वर मॅट लॅकर मारायचं, कागद ओलसर असताना सीटवर चिकटवून नखानं शिवणी दाबायच्या. मग ते रेक्झिन वाटतं.

रंगावर जरा थांबते, कारण निम्मं काम तिथंच आहे. कारखान्यातून निघालेल्या मोटारीवर रंगाचे सगळे थर मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) भरतात. चोविसाव्या हिश्श्यात ते चार-पाच मायक्रॉन व्हायला हवेत. इतका पातळ रंग कुणालाही फवारता येत नाही. आपल्या हातून पन्नास मायक्रॉनचा थर सहज बसतो, म्हणजे खऱ्या गाडीवर सव्वा मिलिमीटर जाडीचा रंग. लोगो बुजतात, दारांच्या मुठींच्या कडा गोल होतात. म्हणून अनुभवी माणूस मॉडेल रंगवताना हात सतत आखडता घेतो: पातळ प्रायमर, पातळ रंग, मधे बाराशे-दोन हजारचा वॉटर पेपर. मेटॅलिक रंगांत तर आणखी पंचाईत. डब्यातल्या रंगातले ॲल्युमिनियमचे कण खऱ्या गाडीसाठी केलेले. मॉडेलवर ते एकेक सुटे चमकतात आणि गाडी खेळण्यातली दिसू लागते. त्यासाठी मॉडेलचेच, बारीक कणांचे रंग घ्यावे लागतात. या एका बाबतीत पैसे वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे. स्प्रे करताना नाकावर चांगला मास्क हवा आणि खिडकी उघडी हवी, हेही त्याच ठामपणे सांगते.

काळ्या-पिवळ्याची गंमत अशी की दोन्ही रंग अवघड आहेत. पिवळा झाकत नाही. काळ्यावर मारला तर शेवाळी हिरवट दिसतो, म्हणून आधी पांढरा प्रायमर, त्यावर छपराचा पिवळा, तो पुरता वाळला की मास्किंग टेप, आणि मगच खालचा काळा. टेपच्या काठावर आधी त्याच पिवळ्याचा एक पुसट हात मारायचा. टेपखाली झिरपायचं असेल ते पिवळंच झिरपतं, फट बंद होते आणि नंतरचा काळा सरळ रेषेत थांबतो. या युक्तीनं निघालेली रेषा पाहून जे सुख होतं ते ज्यानं टेप सोलली आहे त्यालाच कळेल.

काळ्याचं दुखणं वेगळं. खरी काळी गाडी रस्त्यावर उभी असते तेव्हा तिच्यावर आकाश पडलेलं असतं, समोरच्या इमारती पडलेल्या असतात, बॉनेटच्या उतारावर उजेडाची लांब पट्टी असते. तिचा काळा कधीच निव्वळ काळा नसतो. घरातल्या दिव्याखाली सहा-साडेसहा इंचांच्या मॉडेलला हे काही मिळत नाही. डब्यातला काळा सरळ मारला तर गाडीच्या जागी भोक पडल्यासारखं दिसतं. विमानांची मॉडेलं करणारे लोक लहान मापात रंग मुद्दाम फिका करतात, तेच इथं करायचं: काळ्यात थोडा राखाडी, थोडा तपकिरी. बॉनेट आणि डिकीवर किंचित जास्त, कारण उन्हानं तेच आधी विटतं. मुंबईच्या टॅक्सीचा काळा हा ऊन, खारी हवा आणि रोजचं फडकं यांनी मिळून केलेला रंग आहे. तो कुठल्याही कंपनीच्या शेडकार्डात नाही. या रंगसंगतीची सूचना स्वातंत्र्यसैनिक आणि खासदार विठ्ठल बाळकृष्ण गांधी यांची, असं सांगतात: वरचा पिवळा लांबून दिसावा, खालच्या काळ्यावर डाग दिसू नयेत. मला ते पटतं. रंगवताना तरी त्यामागची सोय हाताला कळते.

एवढं सगळं कुर्ल्याच्या एका गाडीसाठी का, असं मला विचारतात. बाजारात फेरारी, पोर्शे, स्कायलाइन यांची सुरेख किट्स आहेत, मी ती केलीही आहेत. पद्मिनीचं किट मला कुठं दिसलं नाही, त्यामुळे स्टायरीन प्लास्टिकच्या पत्र्यातून फासळ्या कापून, मधे गॅरेजवाले वापरतात ती एनसी पुट्टी भरून, घासून ती काढावी लागते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली, १९६४ मध्ये तिचं डिलाइट मॉडेल आलं, आणि सत्तरच्या दशकात त्याच गाडीला पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, मागं दोन निमुळते पंख. कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटी उभी आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीच्या वयाची मर्यादा वीस वर्षं, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहराच्या रस्त्यांवर एकही अधिकृत पद्मिनी टॅक्सी नाही. हातानं करण्यासारखी याहून निकडीची गाडी मला माहीत नाही.

आणि पद्मिनी करायची म्हणजे कुठल्या तरी एका वर्षाची करायची. नुसती ‘जुनी टॅक्सी’ असं काही नसतं. नंबरप्लेट पांढरी आणि अक्षरं काळी असतील तर गाडी विसाव्या शतकातली. पिवळ्यावर काळी असतील तर नंतरची. बाहेर डाव्या अंगाला लोखंडी मीटर असेल तर इलेक्ट्रॉनिक मीटर यायच्या आधीचा काळ. त्या मीटरची पाटी वर की खाली, हेही ठरवावं लागतं, कारण त्यावरून टॅक्सी रिकामी आहे की आत कुणी बसलं आहे ते कळतं. पाटी खाली असेल आणि आत माणूस नसेल, तर ज्यानं आयुष्यभर ‘मीटर टाका’ म्हटलं आहे तो प्रेक्षक लगेच अडतो. माझ्या गाडीची पाटी वर आहे. नंबरप्लेटसाठी मी एका रेडियमवाल्याकडे गेले होते. त्यानं फाइल पाहिली, अडीच-पावणेतीन मिलिमीटरची अक्षरं पाहिली आणि म्हणाला, ‘‘ताई, मशीन कापेल, पण सोलताना अक्षर हाताला लागणार नाही.’’ मग प्लेट कागदावर छापली, आणि त्याच्याकडून छपराच्या कडेला लावायचे टेपचे वळणदार तुकडे कापून घेतले. ते इतके नेमके बसले की आता मास्किंगचं सगळं काम त्याच्याकडेच असतं.

गाडी आपल्या मनासारखी बदलून करायची, कस्टम करायची, ही परंपरा अमेरिकेची. एएमटी या किट करणाऱ्या कंपनीनं १९५८ मध्ये एकाच पेटीत तीन पर्याय द्यायला सुरुवात केली: कारखान्यातून निघाली तशी गाडी, कस्टम गाडी, नाहीतर शर्यतीची. त्याच्याही आधी, १९३० पासून १९६८ पर्यंत, जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागानं मुलांसाठी मॉडेलची स्पर्धा चालवली. सुरुवातीला नेपोलियनकालीन बग्गीची हुबेहूब प्रतिकृती करायची, पुढं स्वतःच्या कल्पनेतली मोटार. बक्षीस शिष्यवृत्तीचं. १९४७ चा विजेता चक जॉर्डन पुढं जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. एका मोठ्या उद्योगानं पोरांच्या हातातलं लाकूड आणि कानस इतक्या गांभीर्यानं घेतली, हे वाचून मला फार बरं वाटतं. आपल्याकडेही एसटीच्या लालपरीची सनबोर्डमधून अप्रतिम मॉडेलं करणारी मुलं आहेत. खिडक्यांच्या दांड्या, मागची शिडी, पाटीवरची गावं, काही सुटत नाही त्यांच्या नजरेतून. त्यांच्यासाठी अशी एखादी स्पर्धा असावी असं मला मनापासून वाटतं.

पण मुंबईच्या टॅक्सीचं कस्टम काम मॉडेल करणाऱ्याच्या हाती नसतंच. ते आधीच होऊन गेलेलं असतं, आणि केलेलं असतं ड्रायव्हरनं. स्टिअरिंगला गुंडाळलेली रंगीत वायर, छपराला आतून लावलेलं फुलाफुलांचं प्लास्टिक, डॅशबोर्डवरचा गणपती किंवा मदिनेचं चित्र किंवा वेलांकणीची माउली, मागच्या काचेवर रेडियममध्ये मुलांची नावं. २०१५ मध्ये टॅक्सी फॅब्रिक नावाच्या उपक्रमात तरुण डिझायनरांनी सीटची कापडं नव्यानं काढली. त्यांना ही जागा दिसली ती ड्रायव्हरांनी ती आधीच सजवून ठेवली होती म्हणून. कारखान्यातून एकसारख्या निघालेल्या दोन पद्मिनी वर्षभरात एकमेकींसारख्या राहत नसत. अमेरिकेतला मॉडेल करणारा आपल्या मनातली गाडी करतो. मला दुसऱ्याच्या मनातली गाडी बघून तशी करायची असते. मला हे अधिक अवघड वाटतं आणि अधिक आवडतं, कारण त्यात माझी आवडनिवड बाजूला ठेवून एका अनोळखी माणसाची आवड समजून घ्यावी लागते. त्यानं निळीच वायर का घेतली असेल? गणपती डाव्या बाजूला का? बहुधा उजव्या बाजूच्या उन्हात मूर्तीचा रंग उडाला असेल. मॉडेलवर मूर्ती दोन-अडीच मिलिमीटरची होते. नाक-डोळे काढायचे नाहीत. बसण्याचा डौल आणि सोंडेचं एक वळण आलं की पुरतं.

आता त्या लहान गाड्यांकडे. मॅटेलनं १९६८ मध्ये हॉट व्हील्स आणल्या, आणि आज आपल्याकडे किराणाच्या मोठ्या दुकानातही त्या टांगलेल्या असतात. छंदाला सुरुवात करू पाहणाऱ्या कॉलेजच्या मुलांना मी त्याच घ्यायला सांगते. खालच्या बाजूचे दोन रिव्हेट ड्रिल केले की गाडी उघडते. पेंट रिमूव्हरनं जुना रंग उतरतो. आत जस्ताचा मिश्रधातू, त्यात चार टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियम. रबरी टायर, नवे ॲक्सल, नवा रंग, आणि रिव्हेटच्या जागी बारीक आटे पाडून स्क्रू. खर्च थोडा, शिकायला भरपूर. या धातूबद्दल एक गोष्ट माहीत असावी. त्यात शिशासारखी भेसळ राहिली तर काही वर्षांनी तो आतून फुगतो, तडकतो, भुगा होतो. महायुद्धाच्या आधीच्या कितीतरी डिंकी अशाच गेल्या. जुन्या बाजारात मॉडेल घेताना टायर, रंग, खोकं बघण्याआधी बारीक तडे बघावेत. डिंकीचे काही साचे पुढं कलकत्त्याला आले आणि त्यांतून निकी टॉइज या नावानं गाड्या निघाल्या. चोरबाजारात त्यातली एखादी रंग उडालेली गाडी दिसली तर ती तशीच जपावी. तिला नवा रंग देऊ नये असं मी म्हणेन. ती कस्टम करायची वस्तू राहिलेली नाही.

पद्मिनीनंतर जिप्सी करायची आहे. जपानच्या हासेगावा कंपनीनं सुझुकी जिम्नीच्या जेए११ मॉडेलचं १:२४ किट काढलं आहे. तिच्या चाकांमधलं अंतर २०३० मिलिमीटर, आपल्या मारुती जिप्सीचं २३७५. म्हणजे मधे कापून साधारण १४.४ मिलिमीटरचा तुकडा घालायचा, चासी लांबवायची, मागची बाजू नव्यानं बांधायची. कापायची कुठं हे अजून पक्कं झालेलं नाही. दाराच्या मागं कापली तर जोड झाकायला सोपा जाईल असं वाटतं.

पण जिप्सी अजून रस्त्यावर दिसते, ती थांबेल. पद्मिनी थांबणार नाही. टॅक्सी गेल्या, पण खासगी मालकीच्या काही अजून सोसायट्यांच्या आवारात, ताडपत्रीखाली, गावातल्या वाड्यांच्या पडवीत आहेत. तुमच्या ओळखीत एखादी असेल तर मालकांना विचारून तिची मापं घ्या. टेप शक्यतो कापडी घ्या, रंगाला ओरखडा जात नाही. फोटो काढताना लांब उभं राहून झूम करा. जवळून मोबाइलनं काढलेल्या फोटोत बॉनेट फुगतं आणि मागचे पंख आक्रसतात, त्यावरून मॉडेल करता येत नाही. एक फोटो बरोबर समोरून, एक बरोबर बाजूनं, कॅमेरा दाराच्या मुठीच्या उंचीवर. चौकटीत कुठं तरी फूटपट्टी असू द्या. पंखाच्या टोकापासून डिकीच्या झाकणापर्यंतचं अंतर, छपराच्या पन्हाळीची जमिनीपासूनची उंची, तिकोनी काचेच्या तिन्ही बाजू, ही मापं कागदावर मिळत नाहीत. आणि डिकी उघडून आतला एक फोटो जरूर काढा, बिजागऱ्या कुठं बसतात ते बाहेरून दिसत नाही.